नागपूरची वाढ मोजायची कुठून: घरापासून की पांदणीपासून?

टोटल स्टेशन:

नमस्कार. मी नागपूरच्या दक्षिण आणि पूर्व अंगाला जमीन मोजणीची खासगी कामे करतो आणि सवडीच्या वेळी उपग्रहांच्या मोफत मिळणाऱ्या प्रतिमांवरून शहराच्या वाढीचे नकाशे करून पाहतो. ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून होत असल्यामुळे त्यांच्यातली एक विसंगती मला सारखी खुपते. तिच्यावर इथल्या जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मागच्या दिवाळीनंतर हुडकेश्वरच्या पुढे एका मौजात, म्हणजे महसुली गावात, हद्द दाखवण्याच्या कामाला गेलो होतो. शेजारच्या खसऱ्यात (म्हणजे स्वतंत्र क्रमांकाच्या शेतात) धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी तोडून एका कडेला रचून ठेवल्या होत्या. पांदणीवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर, ताज्या मुरुमाचे ढीग पडलेले होते, रोलर अजून फिरला नव्हता. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्यातून चुन्याच्या सरळ रेषा गेल्या होत्या. प्रत्येक कोपऱ्यावर गुडघाभर उंचीचा सिमेंटचा खांब आणि त्यावर लाल रंगात प्लॉटचा क्रमांक. सावलीला एक रखवालदार डबा खात बसला होता. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "रस्त्याकडले सारे गेले, साहेब. मागचे बाकी आहेत." त्या जमिनीचे पुढे काय होणार हे ठरून गेले होते. घरी येऊन त्याच आठवड्याची प्रतिमा उघडली, तर माझ्या वर्गीकरणात तो खसरा निर्धोकपणे "शेती" या वर्गात बसलेला होता.

शहराची वाढ मोजण्याची रूढ रीत बांधकामावर उभी आहे. दोन सालांच्या प्रतिमा घ्यायच्या, त्यांतला बांधीव भाग वेगळा काढायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा. लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ मध्ये सुटला आणि २००८ पासून लँडसॅटचा सगळा संग्रह मोफत मिळू लागला, त्यामुळे चाळीस वर्षांचा हिशेब आज कुणीही घरबसल्या मांडू शकतो. मात्र लँडसॅटच्या प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटर असतो. आपल्याकडचा नेहमीचा प्लॉट तीस बाय पन्नासचा, १,५०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटरचा. एका ठिपक्यात असे सहा प्लॉट सहज मावतात आणि त्यांतल्या एकाच प्लॉटवर घर उभे राहिले, तर तो ठिपका बहुधा शेतीच्या किंवा पडीत जमिनीच्या खात्यात राहतो. सेंटिनेल-२ ची प्रतिमा १० मीटरची आहे, तिचा ठिपका प्लॉटपेक्षा लहान पडतो. ती २०१५ नंतरचीच मिळते, पण ले-आउटमधला, म्हणजे प्लॉट पाडलेल्या शेतातला, ९ मीटर रुंदीचा रस्ता तिच्यात पुसट का होईना, ओळखता येतो. ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, कारण आपल्याकडे घर येण्याच्या पाच-दहा वर्षे आधी रस्ता येतो.

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २३ खाली विकास योजना करण्याचा इरादा जाहीर झाला की कलम २५ प्रमाणे पाहणी करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो, आणि मूळ तरतुदीत त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. योजना अमलात आल्यावर तिची फेरतपासणी कलम ३८ प्रमाणे वीस वर्षांतून निदान एकदा व्हायला हवी. नागपूर शहराच्या विकास योजनेचा मुख्य भाग जानेवारी २००० मध्ये आणि वगळलेला भाग सप्टेंबर २००१ मध्ये मंजूर झाला. तेव्हा मनीषनगरच्या पलीकडे बेसा आणि बेलतरोडीला जाताना दोन्ही बाजूंना शेते होती. आज त्याच रस्त्यावर बहुमजली इमारती आहेत. विद्यमान जमीन वापराचा नकाशा म्हणजे एका दिवशी काढलेले छायाचित्र असते आणि शहर मात्र रोज हलत असते. शिवाय त्या छायाचित्रात खांब रोवलेले शेत "शेती" म्हणूनच येते. नियोजनकार मग त्याच्यावर शाळा, मैदान किंवा रस्ता आखतो, आणि आरक्षण जाहीर होते तेव्हा त्या जागेला आधीच साठ-सत्तर मालक झालेले असतात.

नागपुरात याची किंमत आपण मोजलेली आहे. ५७२ ले-आउट आणि १९०० ले-आउट हे अनधिकृत वस्त्यांचे शब्द इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. २००१ चा गुंठेवारी कायदा हा अशा वस्त्यांना मागाहून नियमित करण्यासाठीच आला. त्याची मूळ मर्यादा १ जानेवारी २००१ होती आणि २०२१ च्या सुधारणेने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. मर्यादा पुढे सरकवता येते. नाल्याची रुंदी किंवा मैदानाची जागा मात्र मागाहून आणता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नियोजनाला उपयोगी पडेल अशी पाहणी बांधकामाची नको, शेतीच्या थांबण्याची हवी. पांदणीवर मुरुम पडला, धुरे मोडले, दोन हंगाम पीक आले नाही, ही चिन्हे दर वर्षी, मौजानिहाय आणि खसऱ्याशी जोडून टिपली पाहिजेत. शहराभोवतालच्या नागपूर महानगर प्रदेशाची व्याप्ती सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे शहराच्या पंधरापटीहून अधिक आहे. एवढा मुलूख कनिष्ठ अभियंत्याने मोटारसायकलवर फिरून पाहायचा म्हटले तर शक्य नाही. उपग्रहावरून तो पाहता येतो, पण काय पाहायचे हे आधी ठरले पाहिजे. आपल्याला काय वाटते?

पटवारी (निवृत्त):

आपण मांडलेला मुद्दा मला पटला, परंतु त्यातला एक भाग तुम्ही मोजणीवाले नेहमी विसरता, म्हणून लिहितो. शेत पडीक राहिले म्हणजे तिथे ले-आउट पडणार, असे समीकरण मांडू नका. माझ्या हलक्यात, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांत, कितीतरी शेते भावाभावांच्या वाटणीच्या भांडणात चार-चार वर्षे पडीत होती. काही ठिकाणी मजूर मिळत नाहीत, काही ठिकाणी रानडुकरांच्या त्रासाने पेरणी सोडून दिलेली असते. वरून पाहिले तर ही सगळी शेते सारखीच दिसतील.

आता जे कागदावर दिसते ते सांगतो. सातबाऱ्यातला सात हा मालकीचा आणि बारा हा पिकांचा. शेतकऱ्याने दलालाशी सौदा केला की पहिला बदल सातवर नाही, बारावर दिसतो, कारण खरेदीखत होऊन फेरफार पडायला वेळ लागतो आणि कित्येकदा सौदा नुसत्या मुखत्यारपत्रावरच चालतो. पूर्वी पीक पाहणी आम्ही करत होतो, आणि खरे सांगायचे तर शेवटच्या वर्षांत ती बरीचशी चावडीत बसून होत असे. मागच्या वर्षी कापूस होता म्हणून यंदाही कापूस. त्यामुळे खांब रोवलेल्या शेताच्या बाराव्या नमुन्यावर कपाशी डोलत राहायची. २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवरून फोटोसह नोंद करू लागला. ती नोंद जागेशी बांधलेली असते. तिच्यात उणिवा आहेत, कित्येकजण नोंद करतच नाहीत, पण एखाद्या खसऱ्याची नोंद ओळीने तीन हंगाम आली नाही आणि तुमच्या प्रतिमेतही तिथे पीक दिसले नाही, तर दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत असे समजून प्रत्यक्ष जागेवर जायला हरकत नाही. एकट्या साक्षीदारावर मी माझ्या नोकरीत कधी फेरफार मंजूर होऊ दिला नाही.

दुसरे म्हणजे हद्दीचे. आपले गावनकाशे साखळीने मोजलेले आहेत. चार हजार प्रमाणाच्या (१:४,०००) नकाशावर एक मिलिमीटर चुकला तर जमिनीवर चार मीटर चुकतात, आणि जुना कागद ओढला-ताणला गेलेला असतो तो वेगळाच. प्रतिमेवर गावनकाशा बसवताना गावठाणाचा कोपरा जुळवला तर शिवेवरचा धुरा शेजारच्या खसऱ्यात जातो. मी वाडीकडच्या एका मौजात हे स्वतः पाहिले आहे. तेव्हा "खसऱ्याशी जोडून" हे शब्द लिहायला सोपे आहेत, त्यांच्यामागचे काम सोपे नाही, एवढे ध्यानात असू द्या.

टोटल स्टेशन:

काका, ई-पीक पाहणीचा विचार माझ्या मनात आला नव्हता, त्याबद्दल मनापासून आभार. गावनकाशाच्या बाबतीत तुमचा अनुभव आणि माझा अनुभव एकच आहे. मी सध्या विहिरी, जुनी मंदिरे आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड धरून नकाशा बसवतो आणि मौजाच्या चारही टोकांना फरक किती पडतो ते लिहून ठेवतो. दगड मात्र फार भराभर नाहीसे होत आहेत; ले-आउट पाडताना सर्वांत आधी तेच उखडले जातात.

दिघोरीकर:

मी अभियंता नाही, शिक्षिका होते. तरीही लिहिते, कारण आपण ज्या वस्तीबद्दल बोलत आहात तिच्यात मी राहते.

आम्ही उमरेड रोडच्या बाजूला तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला, तेव्हा ज्यांनी ले-आउट पाडला त्यांनी आम्हाला एक निळा नकाशा दाखवला होता. त्यावर मधोमध हिरवा चौकोन होता आणि "सार्वजनिक उपयोग" असे लिहिले होते. आमच्या रांगेच्या मागून नाला जात होता. तोही त्या नकाशावर दोन वळणदार रेषांनी दाखवला होता. पाच-सहा वर्षांनी आम्ही घर बांधायला घेतले, तोपर्यंत हिरव्या चौकोनाचे चार प्लॉट होऊन विकले गेले होते. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, मिळवण्यासाठी पुढे किती खेटे घातले ते सांगत बसत नाही, त्या रांगेत अर्धे नागपूर उभे होते.

मला नाल्याबद्दल सांगायचे आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा तो उडी मारून ओलांडता येत नव्हता. मग पलीकडच्या काठावर कुणीतरी बांधकामाचा मलबा टाकला, त्यावर माती टाकली, त्यावर भिंत बांधली. अलीकडच्या काठावरच्यांनी, म्हणजे आमच्याच रांगेतल्यांनी, मागच्या अंगणात एकेक खोली वाढवली. कुणी एकाने नाला बुजवला असे म्हणता येणार नाही, प्रत्येकाने थोडा थोडा बुजवला. आज तिथे गट्टू बसवलेली गल्ली आहे आणि तिच्याखाली दोन फुटांचा पाइप आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी आपली जुनी वाट विसरलेले नाही हे आमच्या स्वयंपाकघरात कळते. ओट्याखालच्या फरशीच्या सांध्यातून आधी बुडबुडे येतात आणि मग पाणी येते. मी आता जून लागला की गहू-तांदळाचे डबे वरच्या फळीवर ठेवते.

आपण म्हणता की दहा मीटरच्या ठिपक्यात रस्ता दिसतो. मग चार मीटरचा नाला दिसतो का? तो दिसत नसेल तर तो बुजलेलाही दिसणार नाही. आपल्या नकाशावर आमची वस्ती "शेतीची बांधीव झाली" एवढीच नोंद होईल, आणि तीत आमच्या दृष्टीने जे सर्वांत महत्त्वाचे ते कुठेच नसेल.

पश्चिमवारा:

दिघोरीकर यांच्या प्रश्नाला माझा आणखी एक प्रश्न जोडतो. माहितीची उणीव हा नागपूरचा आजार आहे, हेच मला मान्य नाही. महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर याच शहरात आहे. इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय, दोन्ही अमरावती रोडवर आहेत. देशातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला एवढी विद्या एकत्र आली असेल. राष्ट्रीय नगर माहिती प्रणाली ही योजना २००६ मध्येच आली होती आणि अमृत योजनेतून चार हजार प्रमाणाचे नकाशे करण्याचे कामही सुरू झाले. पाहणारे डोळे भरपूर आहेत. पाहिल्यावर काय करायचे, हे कुणाच्या कामात लिहिलेले नाही. शहरात महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि बाहेर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. त्यांच्या शिवा जिथे मिळतात तिथेच ले-आउट फोफावतात, हे रिंगरोडने एक चक्कर मारली तरी दिसते.

शिवाय आपण सुचवता तसा "शेती थांबली" अशा खसऱ्यांचा नकाशा दर वर्षी प्रसिद्ध झाला, तर त्याचा पहिला ग्राहक नियोजनकार नसेल, दलाल असेल. कुठे भाव चढणार याची तयार यादी त्याला फुकट मिळेल. आणि दुसरा धोका त्याहून वाईट आहे. भावाशी भांडण असल्यामुळे ज्याचे शेत पडीत राहिले, त्या शेतकऱ्याच्या दारात संगणकाने काढलेली नोटीस जाऊन पडली तर तिला उत्तर देण्यासाठी त्याला तालुक्याला किती चकरा माराव्या लागतील, याचा विचार आधी करा.

काळी माती:

नोटिशीची भीती रास्त आहे आणि तिच्यामागे एक तांत्रिक कारणही आहे, ते इथे नोंदवावेसे वाटते. मी कृषी विषय शिकवतो.

बांधीव भाग शोधण्यासाठी जो निर्देशांक सर्रास वापरतात, तो लघुलहरी अवरक्त आणि निकट अवरक्त या दोन पट्ट्यांतल्या परावर्तनाच्या फरकावर चालतो. काँक्रीट पहिल्यात अधिक परावर्तन देते आणि हिरवे पीक दुसऱ्यात. अडचण अशी की कोरडी, उघडी जमीनसुद्धा काँक्रीटसारखीच वागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गहू-हरभरा निघून गेलेला असतो, नांगरट झालेली असते आणि मैलोगणती जमीन उघडी पडलेली असते. त्या दिवसांची निरभ्र प्रतिमा मिळते म्हणून विद्यार्थी हटकून तीच घेतात आणि मग उमरेडच्या वाटेवर अख्खे शहर वसलेले त्यांना दिसते. प्रबंधांच्या तोंडी परीक्षेत मी असे नकाशे पाहिले आहेत. नकाशा सुंदर असतो, रंगसंगती उत्तम असते आणि तूर काढलेल्या शेताला शहर म्हटलेले असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये प्रतिमा घ्यावी. तेव्हा कपाशी आणि तूर हिरवी असते, पश्चिमेच्या उथळ मुरमाड जमिनीवर गवत टिकून असते, आणि मुरुम टाकलेला रस्ता त्या हिरव्यात उठून दिसतो. सोयाबीन मात्र तोपर्यंत निघालेले असते, म्हणून सप्टेंबरची प्रतिमाही जोडीला लागते, आणि सप्टेंबरात ढग असतात. ढगांतून पाहायचे तर सेंटिनेल-१ ची रडार प्रतिमा घ्यावी लागेल.

आणखी एक विनंती. वाढ किती झाली यासोबत ती कोणत्या मातीवर झाली हेही मोजा. खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे घर पाया नीट नसेल तर तडकते, आणि पीक मात्र तीच सर्वांत चांगले देते. घरासाठी वाईट आणि पिकासाठी उत्तम अशी जमीन आपण घरांना देत आहोत आणि याची नोंद कुठल्याही विकास योजनेच्या तक्त्यात मी पाहिलेली नाही.

टोटल स्टेशन:

सर्वांना एकत्र उत्तर देतो, थोडे लांबेल.

काळी माती यांनी सांगितलेली चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या नकाशात मे महिन्याच्या प्रतिमेमुळे पांजरीच्या बाजूचा एक मोठा पट्टा बांधीव आला होता. मला तो खराही वाटला, कारण समोरच आउटर रिंगरोड होता आणि तिथे बांधकाम होणारच असा माझा ग्रह होता. जागेवर गेलो तर नुकती वखरणी झालेली काळी रानं. आपल्याला जे दिसण्याची अपेक्षा असते त्या बाजूची चूक पकडणे फार कठीण जाते, हे तेव्हा कळले.

दिघोरीकर ताई, तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर "नाही" असे आहे. चार मीटरचा नाला मोफत प्रतिमांत दिसत नाही. कार्टोसॅट या भारतीय उपग्रहांच्या अधिक बारीक प्रतिमांत किंवा ड्रोनने दिसू शकेल, पण झाडोरा असेल तर तिथेही खात्री नाही. मात्र तुमचे पत्र वाचल्यावर मला माझ्या मांडणीतला दोष दिसला. नाला प्रतिमेत शोधायचाच नाही. तो गावनकाशात आधीपासून आहे. जुन्या गावनकाशांवर नाले आणि पांदणी दोन्ही आखलेल्या असतात आणि त्या कुणाच्या खासगी मालकीच्या नसतात. तेव्हा नकाशावरचे सगळे नाले आधी उचलून घ्यावेत, त्यांच्या दोन्ही काठांना पट्टा आखावा आणि त्या पट्ट्यातला कोणता ठिपका या वर्षी हिरव्याचा बांधीव झाला एवढेच पाहावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा नदीचा काठ सगळ्यांना आठवला. पण नदीला येऊन मिळणाऱ्या लहान नाल्यांना निळी रेषा नाही की लाल रेषा नाही. पंचवीस वर्षांच्या आणि शंभर वर्षांच्या पुराच्या या रेषा मोठ्या प्रवाहांना आखल्या जातात; तुमच्या मागच्या गल्लीला कोण आखणार?

पश्चिमवारा यांच्या दलालाच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. कोणत्या शेतावर खांब पडणार हे दलालाला उपग्रहाच्या आधी कळते, कारण खांब तोच आणतो. आजच्या व्यवहारात ज्यांना ते शेवटी कळते ते दोघेच आहेत: प्लॉट घेणारा आणि आरक्षण आखणारा. यादी प्रसिद्ध झाल्याने दलालाच्या ज्ञानात काही भर पडणार नाही, त्याची मक्तेदारी तेवढी जाईल. नोटिशीचा धोका मात्र मला पूर्ण मान्य आहे. हा नकाशा पुरावा म्हणून कधीही वापरू नये. जागेवर जाऊन पाहण्याचे कारण एवढीच त्याची किंमत असावी, आणि काकांनी सांगितले तसे दुसरा साक्षीदार असल्याशिवाय जाऊही नये. माझ्या पहिल्या टिपणात हे स्पष्ट लिहायला हवे होते.

काम कुणाचे, या प्रश्नावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. एवढे मात्र दिसते की योजना बनवणाऱ्या यंत्रणेला जमिनीचा वापर फक्त योजना बनवतानाच विचारला जातो. तिला दर वर्षी "मागच्या वर्षात किती शेती थांबली आणि त्यातल्या किती जागेवर तुम्ही अभिन्यास, म्हणजे ले-आउटचा आराखडा, मंजूर केला होता" असा प्रश्न विचारला गेला, तर या दोन आकड्यांतली तफावत म्हणजेच अनधिकृत ले-आउटची वाढ. लोकसंख्येच्या अंदाजावर विसंबणेही आता अवघड आहे. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये १६.२५ लाख, २००१ मध्ये २०.५२ लाख आणि २०११ मध्ये २४.०६ लाख होती. म्हणजे पहिल्या दशकात सुमारे २६ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे १७ टक्के वाढ. हे वाचून कुणी म्हणेल की नागपूरची वाढ मंदावली. प्रत्यक्षात हे आकडे महापालिकेच्या हद्दीतले आहेत आणि घरे हद्दीबाहेर गेली आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे माणसे किती वाढली याचा पाया पंधरा वर्षे जुना आणि जमीन किती लागली याची प्रतिमा पाच दिवसांपूर्वीची, अशी आपली स्थिती आहे.

पटवारी (निवृत्त):

तफावतीची कल्पना चांगली आहे. एक सुधारणा सुचवतो. मंजूर अभिन्यासासोबत अकृषक परवानगीचीही तारीख लावा, कारण कित्येक ले-आउटमध्ये अकृषक आदेश असतो पण अभिन्यास मंजूर नसतो, आणि विकणारा आदेशाची प्रत दाखवून "सगळे कायदेशीर आहे" असे सांगतो. घेणाऱ्याला या दोन कागदांतला फरक माहीत नसतो. दिघोरीकर बाई, तुम्हाला दाखवलेल्या निळ्या नकाशावर कोणत्या कार्यालयाचा शिक्का होता, आठवते का?

दिघोरीकर:

शिक्का होता. तो ज्यांनी ले-आउट पाडला त्यांच्याच संस्थेचा होता, गोल आणि जांभळ्या शाईचा. आम्हाला तो सरकारी वाटला.

टोटल स्टेशन:

ताई, तो नकाशा अजून जपून ठेवला असेल तर त्याचा फोटो इथे टाकू नका, त्यावर इतरांची नावे असतील. पण मला एकदा प्रत्यक्ष पाहू द्या. त्यावरच्या दोन वळणदार रेषा मी तुमच्या मौजाच्या गावनकाशावर बसवून पाहीन आणि पाइप टाकण्याआधी तो नाला किती रुंद होता ते मीटरमध्ये काढून देईन. पटवारी काका, जमल्यास आपणही या. गावठाणाचा कोपरा जुळवायचा की शिवेवरचा दगड, हे तिथेच ठरवू.

पटवारी (निवृत्त):

दगड शिल्लक असेल तर दगडच. येतो.